एकट्याच्या वेब-ॲपसाठी एसक्यूलाइट: घ्यावे, पण जसेच्या तसे वापरू नये

कामांची यादी, सवयींची नोंद, घरखर्च असे स्वतःपुरते वेब-ॲप बांधायला बसले की डेटाबेस कोणता यावरच आठवडा जातो. एका माणसाच्या ॲपला एसक्यूलाइट पुरून उरते. वेगळा सर्व्हर चालवायचा नाही, सगळा डेटा एका फाइलीत, खर्च शून्य. 2000 पासून वापरात आहे. सोबत फ्लास्क (पायथनमधली वेब-ॲप बांधायची छोटी चौकट), साधे एचटीएमएल आणि गरजेपुरते जावास्क्रिप्ट घ्या. नुसत्या यादीसाठी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा पसारा नको.

बडोद्यात खरी अडचण येते ती शोधात. इथल्या मराठी घरातली यादी निम्मी मराठीत, निम्मी गुजरातीत असते. एसक्यूलाइटच्या एफटीएस5 या मजकूर-शोधाचा मूळचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), युनिकोड61, काना-मात्रा-वेलांटीला अक्षर धरतच नाही. शब्द तिथेच तोडतो. 'पाणी'चे उरतात 'प' आणि 'ण'. 'पुणे'चेही तेच. म्हणून 'पाणी' शोधले की 'पुणे तिकीट' हजर! गुजराती शब्दांचेही असेच तुकडे होतात. टेबल बनवतानाच टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये, म्हणजे अक्षर धरायच्या युनिकोड गटांच्या यादीत, मूळच्या गटांसोबत एमएन आणि एमसी हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन गट घाला. टेबल आधीच बनले असेल तर ते काढून नव्याने बनवावे लागते आणि नोंदी पुन्हा भराव्या लागतात.

तारखेचा घोळ याहून छुपा. एसक्यूलाइट 'आत्ताची वेळ' यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत देते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. कमाटीबागेतला पहाटे 5 चा फेरफटका नोंदवला की तो कालच्या दिवसात जमा होतो आणि सवयींच्या साखळीत खाडा दिसतो. नुसते 'लोकलटाइम' (सर्व्हरची स्थानिक वेळ) लावून भागत नाही, कारण भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवरच असते. दिवसाची तारीख ब्राउझरकडून घ्या आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर म्हणून साठवा.

एसक्यूलाइटच्या फाइलीत लिहिणारा एका वेळी एकच चालतो. त्यामुळे दोन टॅब उघडे असले की कधीतरी 'डेटाबेस लॉक्ड' येते. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालू करा, बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट पाहण्याची मुदत, 5000 मिलिसेकंद ठेवा. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी जोडणारे नियम, मुळात बंद असतात. दर कनेक्शनला चालू कराव्या लागतात.

वॉल मोडमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असू शकतात, म्हणून चालू ॲपची मुख्य फाइल नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे. डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलीत काढणारी 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा वापरा. आणि होस्टिंग घेताना एक गोष्ट आधी विचारा: रीस्टार्टनंतर डिस्क टिकते का? कित्येक फुकट योजनांत ती पुसली जाते, आणि मग यादीसकट सगळेच जाते.

पावसात नेट गेले तरी फोनवर यादी उघडायला हवी असेल, तर सर्व्हरवरचे एसक्यूलाइट एकटे कामाचे नाही. ब्राउझरमधल्या इंडेक्स्डडीबी या साठवणीत एक प्रत ठेवावी लागेल.