पुण्यातली ओ-पेअर एजन्सी: कागदपत्रं चोख, माहिती अर्धवट

मी सांगलीची, वय 23. पुण्यातल्या एका एजन्सीमार्फत ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीत फ्रायबुर्गला आले, त्याला आता सात महिने झाले. कागदपत्रांचं काम त्यांनी अगदी चोख केलं. मॅक्स म्युलर भवनात ए-1 ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची, परीक्षा कधी द्यायची इथपासून व्हिसाच्या फायलीतला एकेक कागद मॅडमनी स्वतः तपासला.

पण पैशांबद्दल कोणी धड बोललंच नाही. आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, महिन्याला 280 युरो हातखर्च, जर्मनच्या क्लाससाठी 70 युरो वेगळे, हे सगळं मला इथे आल्यावर कळलं. एजन्सीत कायम 'पगार' म्हणायचे. आईबाबा घरी पैसे येतील म्हणून वाट बघत होते, त्यांना फोनवर समजावताना मला रडू आलं. हा पगार नसतो, हे आधीच सांगायला हवं होतं. मुलींनो, सही करण्याआधी करार मागून घ्या आणि तासांचा आकडा वाचा.

कुटुंब मात्र लाखात एक मिळालं. चार वर्षांचा धाकटा रोज सकाळी बुटाची चेन लावायला पाय पुढे करतो आणि म्हणतो, "चला!"

एजन्सीला पाचपैकी तीन.