फाट्यावरचे हॉटेल: तर्री पोहे आणि चांद्रयान उतरले ती संध्याकाळ

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव–आर्वी रस्त्यावरील एका फाट्याजवळ टिनाच्या छपराचे हे जुने चहा-नाश्त्याचे हॉटेल आहे. येथील तर्री पोहे मी मनापासून सुचवतो. पोहे मऊ तरीही मोकळे असतात, आणि काळ्या हरभऱ्याची तर्री वेगळ्या गंजात उकळत ठेवलेली असल्यामुळे ती पानात कढत पडते. वरचा लाल तवंग पाहून वाटते तितकी ती जहाल नाही, कारण तिखटापेक्षा भाजलेल्या कांद्याचा आणि खोबऱ्याचा अंश तिच्यात अधिक आहे. आलुबोंडा मात्र दुपारनंतर घेऊ नये. तो सकाळचाच असतो. श्रावणात साबुदाण्याची उसळ मिळते आणि तीही उत्तम असते.

तथापि या हॉटेलाची खरी योग्यता मला कळली ती २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान-३ चंद्रावर उतरले त्या संध्याकाळी. पावसाने ओढ दिली होती. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ठरलेला तो ऑगस्ट होता, आणि सोयाबीनच्या चिंतेत असलेले शेतकरी, शाळेतून परतणारी मुले व एसटीची वाट पाहणारे प्रवासी अशी सर्वांची दाटी बाकांवर झाली होती. लाईन केव्हाही जाईल हे ओळखून मालकांनी टीव्ही इन्व्हर्टरवर घेतला होता आणि बॅटरी पुरावी म्हणून पंखे बंद ठेवले होते. त्यांनी आरडाओरडा करणाऱ्या वाहिन्या टाळून दूरदर्शन लावले, हा निर्णय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे इस्रोच्या नियंत्रण कक्षातील माहिती सर्वांना नीट ऐकू आली.

पावणेसहाच्या सुमारास सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून विक्रम लँडरचे उतरणे सुरू झाले. त्या वेळी त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता, आणि चंद्रावर हवा नसल्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नव्हता. सगळा वेग इंजिने उलट्या दिशेने चालवूनच कमी करावयाचा होता. पृथ्वीवरून कोणी हात लावणार नव्हते. लँडरवरील संगणकच कॅमेरे आणि उंची-वेग मोजणारी उपकरणे यांच्या आधारे निर्णय घेत होता. शेजारी बसलेल्या गुरुजींनी हे मुलांना समजावून सांगितले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-२ चा संपर्क २.१ किलोमीटर उंचीनंतर तुटल्याचे अनेकांच्या स्मरणात होते, म्हणून तेवढी उंची मागे पडेपर्यंत कोणी बोलले नाही. एका प्रवाशाने चहा मागितला, तेव्हा मालक म्हणाले, "थांबा भाऊ, उतरू द्या त्याले." सुमारे १५० मीटरवर लँडर क्षणभर स्थिरावून खालची जागा तपासत होता, तेव्हाही ते कढई उतरवून टीव्हीसमोरच उभे होते. सहा वाजून चार मिनिटांनी तो चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला, आणि इतका जल्लोष झाला की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. नंतर मालकांनी सर्वांना चहा पाजला आणि कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत.

उपाहारगृहाची पारख केवळ पदार्थांवरून करावी, हे मत मला मान्य नाही. ज्या गावांत सभागृह नाही आणि वाचनालय संध्याकाळी बंद असते, तेथे अशी जागा माणसांना एकत्र बसवून काही पाहू-ऐकू देते, आणि हा सेवेचा भाग मी चवीइतकाच मोलाचा मानतो. आजही तेथे बातम्यांच्या वेळी टीव्हीचा आवाज मालक स्वतः वाढवतात आणि मुलांना पुढच्या बाकावर बसवतात.

दर वाजवी आहेत, चहा किंचित गोड असतो. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, ही उणीव गंभीर आहे. एसटीसाठी तासभर थांबावे लागणाऱ्या प्रवासी महिलांची त्यामुळे फार अडचण होते, तेव्हा नव्या बाकांआधी मालकांनी हे काम हाती घ्यावे.