बाबांसाठी आणलेली अँटिऑक्सिडंटची बाटली
निपाणीतल्या एका मेडिकलमधून ६० गोळ्यांची बाटली आणली. ‘बिडी ओढणाऱ्यांना तर हीच द्या,’ दुकानदार म्हणाला. बाबांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली, बिडी काही सुटत नाही. गोळी सुईनं टोचून बघितली, बोटाला नारिंगी तेल लागलं. तो रंग बीटा-कॅरोटीनचा, म्हणजे गाजराला नारिंगी करणाऱ्या अँटिऑक्सिडंटचा, आणि घोडं तिथंच पेंड खातं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली होती. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. निकाल १९९४चा, तरी लेबलवर त्याबद्दल अवाक्षर नाही! गाजर, पालेभाजी बाबांनी खुशाल खावी. बाटली मात्र मी त्याच संध्याकाळी टाकून दिली. घरात बिडी-सिगारेट ओढणारं कुणी असेल, तर घेताना लेबलावर बीटा-कॅरोटीन आहे का ते आधी बघा.