कवच जाड आहे सांगून लेझरचे पैसे घेतले

आमचं आयव्हीएफ चाललं होतं. तीन ट्रान्सफर झाले, म्हणजे तीनदा लॅबमध्ये वाढवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडलं, आणि तिन्ही वेळा बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्तचाचणी, निगेटिव्ह. तिसरा रिपोर्ट घ्यायला मी डिचोलीहून कदंबाच्या बसने एकटीच पणजीला गेले आणि नंतर बसस्टँडवर कितीतरी वेळ बसून राहिले. घरी चवथीची, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची तयारी चालली होती, त्यात हे कुणाला सांगणार? अशा दिवसांत कुणी 'कारण सापडलं' म्हटलं की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. आम्हीही ठेवला.

पुढच्या भेटीत क्लिनिकच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुमच्या भ्रूणांचं कवच जाड आहे. ते फोडून बाहेर येता येत नाही, म्हणून रुजत नाही. लेझर हॅचिंग करून घ्या." एका भ्रूणाचे २८,००० रुपये, गोठवलेली दोन होती म्हणून ५६,०००, तेही रोख. पावतीवर फक्त 'लॅब चार्जेस'. नवऱ्याने सोसायटीतली ठेव मोडली.

हॅचिंग हे थोतांड नाही, हे आधी सांगते. भ्रूणाभोवती झोना पेल्युसिडा नावाचं कवच असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण त्यातून बाहेर पडतं आणि मगच गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतं. लेझरने त्या कवचाला छोटं भोक पाडतात किंवा ते पातळ करतात. वय जास्त असेल, भ्रूण गोठवलेलं असेल किंवा वारंवार अपयश येत असेल तर काही डॉक्टर याचा विचार करतात. पण त्याने मूल होण्याची शक्यता वाढते असा ठोस पुरावा नाही, आणि अमेरिकेतली वंध्यत्वतज्ज्ञांची संघटना ते सरसकट सर्वांना करू नका असं सांगते. यातलं एक वाक्यही आम्हाला कुणी सांगितलं नाही. संमतीपत्रावर सही मात्र घेतली.

चौथ्यांदाही निगेटिव्ह आलं.

मग मडगावात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा भ्रूणांचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज सर्टिफिकेट मागितलं. काय काय उपचार केले ते लिहिलेलं हे सर्टिफिकेट २०२१ च्या एआरटी कायद्याने, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्याने, क्लिनिकला द्यावंच लागतं, हे मला तिथे कळलं. मागितल्यावर पहिल्या क्लिनिकने "सर नाहीत", "फाइल वर आहे" असं करत तीन आठवडे काढले. शेवटी लेखी अर्ज दिला, तेव्हा कागद हातात आले.

मडगावच्या डॉक्टरांनी गोठवण्याआधीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. एका भ्रूणापुढे '५एबी', दुसऱ्यापुढे '५बीबी'. "या ५ चा अर्थ कुणी सांगितला होता?" मी नाही म्हटलं. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे भ्रूणाला दर्जा देताना, ५ म्हणजे भ्रूण आपलंआपण कवचातून बाहेर यायला लागलेलं, आणि ६ म्हणजे पूर्ण बाहेर आलेलं. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसाचं भ्रूण, फुगतं तसं कवच ताणून पातळही होत जातं. म्हणजे 'कवच फोडता येत नाही' असं ज्यांच्याबद्दल सांगितलं, त्या दोघांनी ते महिने आधीच फोडायला घेतलं होतं, आणि तेही त्याच क्लिनिकच्या लॅबने स्वतः लिहून ठेवलं होतं. कवचाच्या जाडीचं माप कुठेच नव्हतं. सर्टिफिकेटवर तर हॅचिंगचा उल्लेखच नाही. लेझर चाललं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

सगळ्यात जास्त राग मला त्या दोन आकड्यांचा येतो. कागद मिळाल्यावरही ती फाइल महिनाभर माझ्याच कपाटात होती. कुणाला विचारावं तर मूल होत नाही हे बोलावं लागतं, आणि आपल्याकडे बायका ते बोलत नाहीत. म्हणून लिहिते आहे. जादा उपचाराचे पैसे देण्याआधी भ्रूणाचा रिपोर्ट मागा, ग्रेडचा अर्थ विचारा, उपचाराचं नाव पावतीवर लिहून घ्या. क्लिनिक नोंदणीकृत आहे का तेही बघा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, आता आयव्हीएफ मोफत होतं, निदान दुसरं मत घ्यायला तिथे जा.

क्लिनिकला स्वतःचा तक्रार कक्ष ठेवावाच लागतो. तिथे मी दोन्ही रिपोर्ट जोडून तक्रार दिली. आठ दिवसांनी फोन आला, तक्रार मागे घेतलीत तर पुढच्या सायकलला, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीला, सवलत देऊ. मी नको म्हटलं. शिक्का मारलेली पोचप्रत माझ्याकडे आहे. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.