प्लगमध्ये बसवायचा वीजमापक: आत्यांच्या करंट बिलाच्या निमित्ताने केलेली पारख

घरातले एखादे उपकरण किती वीज ओढते हे दाखवणारा, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवून त्यातच उपकरणाची पिन घालायची असा छोटा वीजमापक ऑनलाइन साधारण सातशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. बेळगावच्या खडेबाजारातल्या विजेच्या साहित्याच्या दुकानांत मी चौकशी केली तेव्हा बहुतेकांनी इलेक्ट्रिशियन वापरतात तो क्लॅम्प मीटर पुढे केला. तो कामाचा असला तरी घरच्या माणसाच्या हाती देण्याचा नव्हे, म्हणून शेवटी सोळा अँपिअरचा, मोठ्या पिनचा एक प्लग-मापक मागवला. बेळगावातल्या शहापूर भागात जुन्या, लांबोळक्या घरात एकट्या राहणाऱ्या माझ्या थोरल्या आत्यांना पौषात अचानक अठराशे रुपयांच्या पुढचे बिल आले होते; त्याआधी कित्येक महिने त्यांचे बिल शून्य येत असे. त्या वाढीचे मूळ शोधण्यासाठी हे उपकरण वापरले. माझे मत असे की वस्तू चांगली आहे, मात्र खोक्यावर ज्या कामासाठी तिची जाहिरात केलेली असते ते काम आपल्या भागात तिच्याकडून होत नाही, आणि घरच्या मीटरची साथ घेतल्याशिवाय ती अर्धेच उत्तर देते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की युनिटचा दर भरा आणि प्रत्येक उपकरणाचा खर्च रुपयांत पाहा. कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली असलेल्या घराला हा रुपयांचा पडदा सरळ दिशाभूल करणारा ठरतो. जुलै २०२३ पासूनच्या वीजवापराला लागू झालेल्या या योजनेत २०२२-२३ सालच्या मासिक सरासरीवर दहा टक्के वाढवून येणारी युनिटे, कमाल २०० पर्यंत, मोफत मिळतात. आपल्या वाट्यापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला तर फक्त जास्तीच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. आत्यांची त्या वर्षीची सरासरी १४० होती, म्हणजे त्यांचा वाटा १५४ युनिटांचा. पौषातल्या बिलावर २१७ युनिटे होती. वरची सतरा युनिटे पाच रुपये ऐंशी पैशांनी, म्हणजे २०२५-२६ च्या घरगुती दराने, मोजली तर शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत; पण त्या सतरांनी खालची दोनशेही बिलात ओढली, आणि त्यावर मंजूर भाराच्या (जोडणीला मंजूर झालेल्या क्षमतेच्या) किलोवॅटप्रमाणे लागणारा स्थिर आकार व वीजकर आले. म्हणून या मापकावरचा रुपयांचा आकडा बाजूला ठेवून केवळ युनिटे पाहावीत, ही माझी पहिली सूचना.

वयस्क माणसाच्या बाबतीत मापक हाती घेण्याआधी बिल वाचणे आवश्यक आहे, आणि आपल्याकडे तीच पहिली अडचण असते. बिल कानडीत छापलेले, कागद पातळ, आणि काही आठवड्यांत अक्षरे फिकी पडतात. आत्यांना बाजारापुरते कानडी बोलता येते. वाचनाची सवय मात्र मराठीची. त्यामुळे मागची नोंद, आताची नोंद, दोन्हींमधले दिवस, मंजूर भार आणि थकबाकी हे पाच आकडे त्यांच्यासाठी मराठीत लिहून काढले. यांपैकी दिवसांकडे सहसा कोणी पाहत नाही; दिवस जास्त असले की युनिटेही जास्त भरतात. शिवाय वापर वाढला की वाढीव सुरक्षा ठेवीची रक्कम बिलात येऊ शकते आणि ती वीजवापर समजून माणूस घाबरतो. आत्यांच्या बिलात तसे काही नव्हते. कोल्हापूरच्या भाचीने मात्र फोनवरून शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांचा हिशेब मांडून त्यांना आणखी गोंधळात टाकले होते. तो हिशेब महावितरणचा. इथे घरगुती ग्राहकांसाठी एप्रिल २०२४ पासून युनिटाला एकच दर आहे. सीमेपलीकडच्या नातलगांचे आणि मराठी व्हिडिओंचे सल्ले या बाबतीत तपासूनच घ्यावेत.

मापकाचे खरे गुण फ्रिजपाशी दिसले. फ्रिज सतत एकसारखी वीज घेत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, मधूनच बर्फ वितळवणारा हीटर लागतो. त्यामुळे पडद्यावर त्या क्षणी दिसणाऱ्या वॅटच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, पुरते चोवीस तास मापक लावून एकूण युनिटे पाहावीत. आत्यांच्या जुन्या फ्रिजने दिवसाला ३.४ युनिटे घेतली, म्हणजे महिन्याला शंभरावर; एवढ्या आकाराच्या धडधाकट फ्रिजला दिवसाला एक ते दीड युनिट पुरते. दाराचे रबर एका कोपऱ्यात कडक होऊन सुटले होते, दारात कागद धरून ओढला तर तो अलगद निघत होता, आणि मागची जाळी भिंतीला जवळजवळ टेकलेली व धुळीने माखलेली होती. रबर बदलून, जाळी साफ करून आणि फ्रिज वीतभर पुढे ओढून पुन्हा मोजले तेव्हा आकडा १.९ वर आला. अजूनही तो जास्तच आहे, पण नवा फ्रिज घ्यायला आत्या तयार नाहीत, आणि महिन्याला पंचेचाळीस युनिटे एवढ्याशा दुरुस्तीने वाचली असताना मीही आग्रह धरला नाही.

गीझरची गोष्ट वेगळी आहे, कारण बिल वाढण्यामागची संगती तिच्यात आहे. गेल्या दिवाळीपर्यंत आत्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात लाकडे घालून पाणी तापवत. गुडघे साथ देईनात म्हणून मुलांनी पंधरा लिटरचा गीझर बसवून दिला. गृहज्योतीचा वाटा ठरला तो २०२२-२३ च्या वापरावर, म्हणजे बंबाच्या काळातल्या वापरावर, आणि त्यावर गीझरचा भार आला. गावोगावच्या जुन्या घरांत असेच घडत असणार, असे मला वाटते. चूल, बंब, पाटा-वरवंटा सुटतो, त्यांच्या जागी विजेची उपकरणे येतात, पण मोफत युनिटांची मर्यादा जुन्या राहणीवर बेतलेली राहते. मुलांना याची कल्पना नसते आणि म्हातारे माणूस आपल्याच हातून काहीतरी उधळपट्टी झाली असे समजून खंतावते.

पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत नेण्यास साधारण ०.७ युनिट लागते. हे साधे गणित आहे, त्यात गीझर कोणत्या कंपनीचा याचा फारसा संबंध नाही. एका माणसाची आंघोळ आणि थोडी भांडी एवढ्याला दिवसाला एका युनिटाच्या आसपास खर्च यावा. मापकाने २.१ दाखवले. कारण दुहेरी निघाले. गीझरचे बटण इतके उंचावर बसवलेले होते की आत्या ते बंदच करत नसत, आणि गरम पाण्याच्या नळाचा वॉशर झिजून थेंबांची अखंड माळ चालू होती, त्यामुळे दिवसरात्र थोडे थोडे तापलेले पाणी वाहून जात होते आणि टाकीत गार पाणी येत होते. प्लंबरने वॉशर बदलला, इलेक्ट्रिशियनने बटण हाताशी आणले; त्यानंतर आकडा ०.९ झाला. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर घेतो, म्हणून त्यासाठी सोळा अँपिअरचाच मापक हवा. बाजारातले बरेच स्वस्त मापक दहा अँपिअरचे असतात आणि त्यांना कुठलीही पिन बसते असे सांगितले जाते. ते गीझरला लावू नयेत. सोळाचा लावला तरी पंधरा मिनिटांनी हात लावून तो तापत नाही ना हे पाहावे, आणि न्हाणीघरातले हे काम ओल्या हातांनी करू नये.

गीझर रात्री चालतो हे मात्र मापकाने सांगितलेले नाही, कारण सुरुवातीला त्यावर संशयच नव्हता; ते घरच्या मीटरने सांगितले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. आत्यांच्या मीटरवर तो ३२०० आहे. अशा मीटरवर एका मिनिटातल्या लुकलुकण्यांना पावणेएकोणीसने गुणले की घर त्या क्षणी किती वॅट घेते ते कळते. प्रथम मेन स्विच बंद केला, दिवा थांबला. म्हणजे मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये गळती नव्हती आणि तिथून दुसऱ्या कोणाची तारही जोडलेली नव्हती. मग एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचा वेगळा स्विच, वर केला. न्हाणीघराची लाइन चालू होताच सगळे दिवे बंद असूनही मीटरचा दिवा मिनिटाला शंभराच्या वर लुकलुकू लागला, तेव्हा गीझर पकडला गेला. परसातल्या विहिरीचा पंपही याच रीतीने मोजावा लागला, कारण तो स्टार्टरला थेट जोडलेला आहे आणि त्याला प्लग नाही; पंप लावण्यापूर्वीची व नंतरची मीटरवरची नोंद घेतली, फरक दिवसाला अर्ध्या युनिटाचा निघाला. जुन्या घरात दिवे, पंखे, पंप हे सगळे प्लगबाहेरचे असते. तिथे या मापकाचा काही उपयोग नाही.

एक उपयोग मात्र खोक्यावर लिहिलेला नसूनही मला सर्वांत मोलाचा वाटला. आत्यांचा ठाम समज होता की मीटर पळतो. गीझर काही वेळ एकट्याने चालवून मापकावरची युनिटे आणि त्याच वेळेतला घरच्या मीटरवरचा फरक शेजारी शेजारी मांडला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, आणि मीटर तपासणीसाठी अर्ज करण्याची गरज उरली नाही. फरक ठळक आला असता तर १९१२ वर हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, तक्रार नोंदवून मीटर तपासून घेता आला असता. हुक्केरी तालुक्यात ग्रामीण वीज सहकारी संस्था पुरवठा करते, तेथील ग्राहकांनी तिच्या कार्यालयात जावे.

दुसरा समज दिव्यांचा. बिल आल्यापासून आत्या माजघरात अंधारात बसू लागल्या होत्या, पंखा तर दूरच. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही, हे मी सांगून त्यांना पटेना. टेबललॅम्पमध्ये तोच बल्ब घालून मापक लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच आकडा वाचायला लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी मी अंधारात जपमाळ ओढत बसले होते होय रे?” त्या दिवसापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाखाली मीटरची नोंद लिहिली जाते. महिन्याच्या विसाव्या दिवशी शंभराच्या आत असले की त्या निश्चिंत असतात. पुढच्या पूर्ण महिन्याचा वापर १३६ युनिटे भरला आणि बिल पुन्हा शून्य आले.

उपकरणातले दोषही सांगितले पाहिजेत. पडद्यामागे उजेड नाही आणि आकडे बारीक आहेत. फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये लावल्यावर ते वाचण्यासाठी मोबाइलचा दिवा धरून वाकावे लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते अशक्य आहे. दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा आतापर्यंतची बेरीज पुसली गेली, आणि चोवीस तासांचे मोजमाप पुन्हा सुरू करावे लागले. आत बटण-सेल असलेल्या मापकात ही अडचण येत नाही. सेट-टॉप बॉक्ससारख्या दहा-बारा वॅटच्या भारावर आकडा डळमळतो, तो अंदाज म्हणूनच घ्यावा. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे आणि त्यात अँपिअरच्या मर्यादेचा इशारा शेवटच्या ओळीत दडवलेला आहे. वायफायवर चालणारे, मोबाइलवर आकडे दाखवणारे प्लगही मिळतात. पण ज्या घरात वायफाय नाही तिथे ते आणून काय करायचे?

पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे वाटते. घेणाऱ्याने सोळा अँपिअर, उजेडाचा पडदा आणि बटण-सेल या तीन गोष्टी पाहूनच पैसे खर्च करावेत, आणि शक्य असेल तर भाऊबंदांत मिळून एकच घ्यावा, कारण एका घराची तपासणी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते व त्यानंतर तो कपाटातच पडून राहतो.