कॉलेजचा जी.एस. (जनरल सेक्रेटरी) व्हायचं, का पहाटेच्या प्रार्थना गटात बसायचं?

उपासना सुटली, मी गाडीला किक मारतोय तोवर मामेभाऊ मागून आला. बारावी झाली, आता बाहेरगावच्या ख्रिस्ती कॉलेजात चाललाय. "दादा, तिथं विद्यार्थी कौन्सिलमध्ये शिरू का मिशनच्या प्रार्थना गटात बसू? दोन्ही जमायचं नाही म्हणत्यात." मी दोन्हीकडं एकेक वर्ष काढलेलं. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. आपल्या मंडळीतल्या आणखी चार पोरापोरींना उपयोगी पडेल.

कौन्सिलचं आधी उरकतो. तिथं पोचल्यावर पहिली चौकशी ही करा की प्रतिनिधी ठरतो कसा: मार्कांवर, प्राचार्यांच्या नेमणुकीनं, का मतांनी? महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुकीची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्षात निवडणुका लांबतच राहिल्या. जिथं मतदान होतं तिथं कॉलेज-विद्यापीठातल्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे नियम आडवे येतात. खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, ७५ टक्के हजेरी, आणि पदाधिकारी म्हणून उभं राहायची संधी एकदाच. त्यामुळं पहिल्याच वर्षी घाई करून ती एक संधी घालवू नका.

काम काय असतं? गॅदरिंगचा मंडप, तीन कोटेशनं, ऑफिसातल्या सह्या, परीक्षेच्या तक्रारी. माझ्या वर्षी साउंडवाल्याशी दर तोंडी ठरवला. त्यानं आदल्या रात्रीची जोडणीसुद्धा एक दिवस धरली आणि बिल दुप्पट केलं. हिशेब जुळेपर्यंत मी ऑफिसच्या बाकावर आठवडा काढला. खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या पोराला यात नवीन काही नाही. वर्गणी, पावतीपुस्तक, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी गायब होणारा खजिनदार, हे सगळं गल्लीतल्या तालमीत (म्हणजे आमच्याकडच्या तरुण मंडळात) फुकट शिकायला मिळतं. पोरींचं मात्र वेगळं. तालमीचं कीर्दबुक त्यांच्या हातात सहसा जात नाही. म्हणून कौन्सिलची जागा मिळत असेल तर पोरींनी ती सोडू नये, असं माझं मत आहे.

आता प्रार्थना गट. आमचा शुक्रवारी पहाटे साडेपाचला, चॅपलच्या मागच्या खोलीत भरायचा. सात-आठ जण, एक पेटी (तिचा एक सूर कायम अडकलेला) आणि एक लांबट वही. वहीत तीन रकाने: तारीख, विषय, उत्तर. कुणीतरी मिशन फील्डवरून आलेलं पत्र वाचायचं. त्यात मोठं काही नसायचं. शाळेचं छप्पर गळतंय, सेवकाच्या बायकोला ताप आहे, पाऊस लांबलाय. मग एकेकानं एकेक विषय घेऊन प्रार्थना करायची. तिसरा रकाना बहुतेक कोराच असायचा, तरी पुढच्या शुक्रवारी तोच विषय परत घेतला जायचा. पद नाही, बॅज नाही. पण न आलेल्याच्या खोलीवर जाऊन "बरा आहेस का?" विचारायचं काम कुणाला तरी करावंच लागतं, आणि जो ते करतो तोच हळूहळू म्होरक्या होतो.

हे हलक्यानं घेऊ नका, कारण या गोष्टीची एक मुळी कोल्हापुरात आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना त्याच्या घरी पोरं जमायची आणि बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. १८८६ साली तिकडच्याच मौंट हर्मनच्या उन्हाळी शिबिरात अडीचशेच्या आसपास विद्यार्थी होते, त्यातल्या १०० जणांनी परदेशी सेवेला जायची तयारी दाखवली. त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही मिशनसेवेला निघणाऱ्या विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली. त्याच्याही आधी, १८०६ साली, अमेरिकेतल्याच विल्यम्स कॉलेजच्या पाच पोरांनी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली होती. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत पोचला आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. यातल्या कुणालाही त्यासाठी निवडून यावं लागलं नव्हतं.

गटाचं वाईटही सांगतो. "प्रार्थनेचा विषय" या नावाखाली चहाड्या चालतात. एका पोराच्या घरचं भांडण आमच्यात 'विषय' म्हणून आलं आणि दुपारपर्यंत मेसमध्ये पोचलं. तो परत कधी आला नाही. दुसरं म्हणजे दडपण. कुणाचं गाणं ऐकून डोळे भरले की लगेच "तुला पाचारण झालंय" (म्हणजे देवानं सेवेला बोलावलंय) म्हणणारे भेटतात. अशा वेळी पाळकसाहेबांशी आणि घरी बोलल्याशिवाय कुठंही सही करू नका. आणि आपले हिंदू, मुसलमान मित्र कुतूहलानं आले तर येऊ देत, ओढून आणू नका. सरकारमान्य किंवा अनुदानित कॉलेजात संमतीशिवाय कुणाला उपासनेला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८(३) तेच सांगतं, आणि ते आपल्यालाही लागू आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. गट आठवड्याला दीड तास घेतो. कौन्सिल एरवी काहीच घेत नाही, आणि गॅदरिंगच्या महिन्यात सगळंच घेतं.

मामेभावाला मी सांगितलं: पहिलं वर्ष गट, दुसऱ्या वर्षी वर्गप्रतिनिधीसाठी नाव दे, तोवर पोरं तुला ओळखायला लागतील. पण तू जर मुळातच चार माणसांत तोंड न उघडणारा असशील, तर उलट कर. गटात डोळे मिटून गप्प बसता येतं, कौन्सिलच्या बैठकीत येत नाही. त्यावर त्यानं विचारलं, "पण पहाटे साडेपाचला मला उठवणार कोण?" तो विषय मी मामीकडं दिलाय.