साडेतीनशेची यूएसबी केसिंग : काम करते, पण डिस्कची खरी ओळख सांगत नाही

उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन केंद्रावरच्या जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड उडाला. आतली २४० जीबीची साटा जोडणीची एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) मात्र धडधाकट. गावातल्या निम्म्या लोकांचे सातबारे अन् पीकविम्याच्या पावत्या तिच्यात स्कॅन करून ठेवलेल्या, म्हणून वर्ध्याहून ही अडीच इंची केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीनं जोडायचा डबा, मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा डब्यांवर तसंही रोज नवं नाव असते.

डिस्क बसवली, वायर लावली, विंडोजनं लगेच उचलली. २२३ जीबी दिसते म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. सगळ्या फायली जागच्या जागी होत्या.

खोट पुढं दिसली. विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स’ या डिस्कची निगा राखणाऱ्या सोयीमध्ये पाहिलं तर माझी एसएसडी चक्क ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ म्हणून बसलेली! दुसऱ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, तिथं एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवली. नाव एसडीबी, ‘रोटा’च्या रकान्यात १, म्हणजे फिरणारी डिस्क. मॉडेलच्या जागी एसएसडीचं नावच नाही, केसिंगच्या चिपचं. त्याच मशीनमधली एनव्हीएमई डिस्क (साटाहून वेगळ्या, वेगवान जोडणीची एसएसडी) बरोबर वेगळ्या नावानं येते, तिच्यापुढं ०.

एसएसडी विचारल्यावर सांगते, मी फिरत नाही. पण यूएसबीवर तिचं म्हणणं पोचवते मधली चिप, अन् ही चिप अडत्यासारखी स्वतःचंच नाव पुढं करते. फिरत नाही असं कोणी सांगितलंच नाही, तर लिनक्स फिरणारीच धरून चालते. विंडोजनं हार्ड डिस्क समजून डीफ्रॅग केलं, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे पुन्हा लिहून एकत्र लावले, तर एसएसडी उगाच झिजणार, म्हणून त्या ड्राइव्हचं शेड्यूल मी बंद करून टाकलं. विकत घेताना दुकानदाराला ‘यूएएसपी (यूएसबीवर डिस्क वेगानं चालवायची पद्धत) आहे का, ट्रिम (कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवणं) चालते का’ एवढं विचारा. त्याला सांगता नाही आलं तर दुसरं दुकान पाहा.

आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला ‘क्विक रिमूव्हल’ (लिहायचा डेटा मागं साठवून न ठेवता, ड्राइव्ह केव्हाही काढता येईल अशी सेटिंग) आपोआप असते, तेवढा धोका कमी. तरी कॉपी चालू असताना लाइट गेली तर ती फाइल अर्धवट राहतेच, इन्व्हर्टर लागतोच बावा.

जुना डेटा काढायला घ्या, रोजच्या कामाला नको. पाचपैकी तीन स्टार. वायर वीतभरच आहे, सीपीयू टेबलाखाली असेल तर डबा लोंबकळतो.